पाराशा आणि हफ्तारा : आठवड्याचं तोरा-वाचन जोडीने कसं करावं

बायबलचा जुना करार पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले बरेच जण लेवीयच्या बलिविधींपाशी थबकतात आणि पुस्तक मिटतं ते मिटतंच. यहुदी परंपरेत यावर फार जुनी सोय आहे. तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचे, ५४ भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागाला पाराशा म्हणतात. साधारणपणे दर शनिवारी, शब्बाथला, सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, त्यातला एक वाचला जातो आणि त्याच्या जोडीला संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला एक उतारा असतो, तो म्हणजे हफ्तारा. मुंबईतल्या मशीद बंदरजवळच्या, १७९६ साली स्थापन झालेल्या शार हारहमीम सिनेगॉगमध्ये असो किंवा इस्राएलमधल्या दिमोना गावात, वेळापत्रक एकच (एक अपवाद सोडून, तो पुढे येईलच).

हा लेख हिब्रू न येणाऱ्या, घरी मराठी बायबल असलेल्या आणि दर आठवड्याला तीन-चार तास देऊ शकणाऱ्या वाचकासाठी आहे. तुम्ही यहुदी, ख्रिस्ती, हिंदू किंवा कुठल्याच धर्माचे नसलात तरी पद्धत बदलत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: पाराशा आणि हफ्तारा यांचा सांधा आधी स्वतः शोधा, भाष्यं नंतर उघडा. हा क्रम उलटा झाला की दुसऱ्याचं उत्तर हातात येतं आणि आपला प्रश्न पडायचाच राहून जातो.

पायरी १ : या आठवड्यात काय आहे ते पाहा

चक्र सुरू होतं सिम्हात तोरा या सणाला, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला. त्या दिवशी ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाचा शेवटचा भाग वाचून लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू करतात. तुम्ही मात्र सणाची वाट पाहू नका. चालू आठवड्यापासून सुरुवात करा. वर्षभरात सगळं फिरून येतंच.

तारखांसाठी हेबकॅल हे संकेतस्थळ पुरेसं आहे. तिथे शनिवारची पाराशा, तिची वचनं आणि त्या दिवशीची हफ्तारा असं सगळं मिळतं. ‘इस्राएल’ की ‘इस्राएलबाहेर’ हा पर्याय आधीच निवडून ठेवा. इस्राएलबाहेर काही सण एक दिवस जास्त पाळतात. तो जादा दिवस शनिवारी आला की बाहेर सणाचं वाचन होतं आणि इस्राएल एक पाराशा पुढे निघून जातं. २०२२ मध्ये पेसाहच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, आठव्या दिवसामुळे असंच झालं आणि एप्रिलच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत दोन वेळापत्रकं चालली. इस्राएलमधल्या अश्दोद किंवा लोदच्या मावशीशी फोनवर पाराशेबद्दल बोलताना दोघांची पानं जुळेनात, तर कारण बहुधा हेच.

हिब्रू पंचांगात आपल्या अधिकमासासारखाच १९ वर्षांत सात वेळा एक जादा महिना येतो. तो नसलेल्या वर्षी शनिवार कमी पडतात, म्हणून काही पाराशा जोडीने वाचतात. तझ्रिया-मेझोरा, अहरे मोत-केदोशीम या अशा जोड्या. जोड-आठवड्यात सगळं वाचून होईल ही आशा सोडा आणि दोहोंपैकी एकच पाराशा नीट घ्या.

पायरी २ : पुस्तकं जमवा आणि आकड्यांपासून सावध राहा

बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ कुठल्याही ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात मिळतं, फोनवरही वाचता येतं. जमलं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतरही जवळ ठेवा. त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून साध्या बोलीत ते केलं आणि संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झालं. दोन मराठी पाठ शेजारी ठेवले की जिथे ते फारकत घेतात तिथे मूळ वाक्यात काहीतरी अवघड आहे, हे हिब्रू न येताही कळतं. हिब्रू मूळ, इंग्रजी भाषांतर आणि भाष्यं सेफारिया या संकेतस्थळावर फुकट आहेत.

आता मराठी बायबलमध्ये हमखास गोंधळ करणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली, पुस्तकांचा क्रम. यहुदी मांडणीत यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे ही पुस्तकं ‘संदेष्टे’ या विभागात येतात. त्यामुळे ‘हफ्तारा संदेष्ट्यांमधून असते’ असं वाचून तुम्ही यशया-यिर्मया चाळत बसाल आणि उतारा निघेल १ राजेमध्ये.

दुसरी, वचनांचे क्रमांक. मराठी बायबल प्रॉटेस्टंट क्रमांकन पाळतं, हिब्रू बायबलचं काही ठिकाणी वेगळं आहे. वायिशलाह ही पाराशा हिब्रूत उत्पत्ती ३२:४ ला सुरू होते. तुमच्या पुस्तकात तेच वाक्य ३२:३ ला आहे. मलाखीचे हिब्रूत तीन अध्याय, मराठीत चार. स्तोत्रांमध्ये ‘दावीदाचे स्तोत्र’ वगैरे मथळा हिब्रूत अनेकदा स्वतंत्र वचन म्हणून मोजतात, त्यामुळे पुढचे आकडे एकाने सरकतात. उतारा भलत्याच वाक्याला सुरू झाल्यासारखा वाटला तर मागेपुढे एक-दोन वचनं पाहा. पाराशेची नावंही विषय सांगत नाहीत. ती सुरुवातीच्या शब्दांवरून पडलेली असतात. ‘हय्ये सारा’, म्हणजे साराचं आयुष्य, ही पाराशा सुरू होते तीच साराच्या मृत्यूने.

पायरी ३ : रविवार ते मंगळवार, फक्त पाराशा

सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी पाराशा सात तुकड्यांत वाचली जाते. प्रत्येक तुकड्याला अलिया म्हणतात. त्या वेळी एकेकाला तोरापाशी बोलावतात. काही यहुदी घरांत रोज एक अलिया वाचायची रीत आहे. नवशिक्याला ती सोयीची वाटते, पण तुकडे सारखे नसतात. की तिस्सा या पाराशेत १३९ वचनं आहेत, त्यातली ९२ पहिल्या दोन अलियांतच संपतात. म्हणून मी उलट सुचवेन: रविवारी सगळी पाराशा एका बैठकीत, न थांबता, गोष्टीसारखी वाचून काढा. सोमवारी-मंगळवारी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा.

दोनदा वाचण्याला जुना आधारही आहे. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथाच्या बराखोत या भागात सांगितलंय की माणसाने पाराशा मुळातून दोनदा आणि तर्गुममधून, म्हणजे अरामी भाषांतरातून, एकदा वाचावी. आपल्याला मूळ वाचता येत नाही, तर दोन मराठी पाठ आणि एक इंग्रजी असं केलं तरी चालेल.

पेन्सिलने काय करायचं? जिथे तुम्हाला ‘असं का?’ वाटलं तिथे समासात फुली. फुल्या चार-पाचच असू द्या. सगळ्यावर फुल्या मारणारा शेवटी एकाही फुलीकडे परत जात नाही.

पायरी ४ : बुधवार, हफ्तारा

हफ्तारा लहान असते, अर्ध्या तासात वाचून होते. वाचल्यावर वहीत एकच वाक्य लिहायचं: हा उतारा या पाराशेला का जोडला असावा? उत्तर चुकलं तरी बिघडत नाही, कोरं मात्र ठेवायचं नाही.

सांधे मुख्यतः तीन तऱ्हेचे सापडतात. कधी गोष्टीला गोष्ट जोडलेली असते. वायेरा पाराशेत म्हाताऱ्या साराला पुढच्या वर्षी मुलगा होईल असं सांगितलं जातं (उत्पत्ती १८). हफ्तारेत अलीशा शूनेमच्या बाईला तसंच सांगतो (२ राजे ४). शेलाह पाराशेत मोशेने पाठवलेले बारा हेर, तर हफ्तारेत यहोशवाने यरीहोला पाठवलेले दोघे. बेशालाहमध्ये समुद्र ओलांडल्यावरचं गाणं, जोडीला शास्तेमधलं दबोराचं.

कधी सांधा एखाद्या ओळीचाच असतो. नोआह पाराशेच्या हफ्तारेत, यशया ५४ मध्ये, नोहाच्या जलप्रलयाचा उल्लेख एका वचनापुरता येतो. बाकी सगळा उतारा यरुशलेमच्या सांत्वनाचा आहे. अशा वेळी विचारायचं ते हे की प्रलयाच्या गोष्टीशेजारी सांत्वन ठेवावंसं का वाटलं असेल.

तिसरी तऱ्हा नवख्याला सर्वात जास्त छळते, कारण तिथे पाराशेशी सांधा नसतोच. हफ्तारा पंचांगाप्रमाणे आलेली असते. रविवारी नवा महिना लागणार असेल तर साधारणपणे आदल्या शनिवारी दावीद-योनाथानाच्या निरोपाची गोष्ट (१ शमुवेल २०) वाचतात, पाराशा कुठलीही असो. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या तिशा बआवच्या उपासाआधी तीन आठवडे कानउघाडणीचे उतारे आणि नंतर सात आठवडे यशयातले सांत्वनाचे. म्हणून सांधा शोधायला बसण्यापूर्वी वेळापत्रकात त्या शनिवारला खास नाव आहे का तेवढं बघून घ्या, नाहीतर नसलेलं नातं जुळवण्यात बुधवार जाईल.

अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांची) आणि सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांची) या परंपरांत हफ्तारेची लांबी किंवा उताराही वेगळा असू शकतो. कोकणातला बेने इस्राएल हा यहुदी समाज सेफार्दी पद्धतीने प्रार्थना करतो, त्यामुळे अलिबाग-पनवेलच्या सिनेगॉगमध्ये ऐकायला मिळेल तो सेफार्दी उतारा. घरी मात्र दोन्हींपैकी लांब असेल तो वाचा. वायेराची सेफार्दी हफ्तारा २ राजे ४:२३ ला थांबते, मुलगा मेलेला आणि आई निघालेली अशा जागी. पुढची चौदा वचनं न वाचता पुस्तक मिटवणं मला तरी जमत नाही.

एक आठवडा जवळून : की तिस्सा

ही पाराशा निर्गम ३०:११ पासून ३४ व्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत आहे आणि फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येते. सुरुवात शिरगणती, अभिषेकाचं तेल, धूप अशा तपशिलांनी होते आणि मग एकदम सोन्याचं वासरू येतं. मोशे डोंगरावर अडकलेला, लोक अधीर, अहरोन दागिने मागून घेतो.

पहिल्या वाचनातच एक फुली पडायला हवी. ३२:४ मध्ये अहरोन हत्याराने वासराला आकार देतो असं निवेदक सांगतो. मोशे जाब विचारतो तेव्हा, ३२:२४ मध्ये, अहरोन म्हणतो की मी सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! घराघरांत ऐकू येणारं ‘माझ्या हातून नाही, आपोआप फुटलं’ हेच इथे महायाजकाच्या तोंडी आहे. दुसरी फुली ३२:२० ला: मोशे वासरू जाळतो, दळून भुगा करतो, पाण्यावर टाकतो आणि लोकांना ते पाणी पाजतो. का पाजतो? मजकूर गप्प.

हफ्तारा १ राजे १८ मधली, कर्मेल डोंगरावरच्या एलीया संदेष्ट्याची. अश्केनाझी वाचन अध्यायाच्या सुरुवातीपासून, सेफार्दी २० व्या वचनापासून, आणि दोन्ही ३९ व्या वचनाला थांबतात. बआल या कनानी देवाचे ४५० संदेष्टे एका बाजूला, एलीया एकटा दुसऱ्या बाजूला. दोन गोऱ्हे, दोन वेद्या, विस्तव कोणी लावायचा नाही. ज्याचा देव अग्नीने उत्तर देईल तो खरा.

मूर्तिपूजेच्या दोन गोष्टी, झालं काम, असं म्हणून इथे थांबता येतं. पण दोन्ही पानं उघडी ठेवून बारकाईने पाहिलं तर बरंच हाती लागतं. अहरोन वेदी बांधतो ती वासरापुढे. एलीया मोडून पडलेली वेदी बारा धोंड्यांनी पुन्हा उभारतो. अहरोनाच्या तोंडच्या गोष्टीत विस्तवातून वासरू निघतं, कर्मेलवर आकाशातून विस्तव उतरतो. मोशे पाणी पाजतो, एलीया लाकडांवर चार-चार घागरी पाणी तीनदा ओतवतो, तेही दुष्काळात. आणि माझ्या मते खरा सांधा प्रार्थनेत आहे. लोकांसाठी रदबदली करताना मोशे देवाला अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांची आठवण देतो (३२:१३). एलीयाही हीच तीन नावं घेतो (१८:३६). एरवी या त्रयीत तिसरं नाव बहुतेकदा याकोब असतं.

आता शेवट पाहा. १ राजे १८:४० मध्ये एलीया बआलच्या संदेष्ट्यांना किशोन ओढ्यापाशी नेऊन ठार करतो. हफ्तारा त्याच्या एक वचन आधी संपते, लोक ‘परमेश्वर हाच देव’ म्हणून पालथे पडतात तिथे. पाराशेत मात्र लेवींच्या हातून तीन हजार माणसं मारली गेल्याचं वाचलं जातं (३२:२८), ते गाळलेलं नाही. ही कातर कुणी आणि का लावली यावर तासभर बोलता येईल. हफ्तारा जिथे तुटते तिथून पुढची दहा वचनं वाचायची सवय लावून घ्या.

एलीया कोकणात परका नाही. बेने इस्राएलांच्या घरी पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने होतो आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावात खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. रथातून स्वर्गात जातानाची ही खूण, अशी श्रद्धा. रथाची मूळ गोष्ट वाचायची तर २ राजे २ काढा.

की तिस्साचा शनिवार पुष्कळदा शब्बाथ पारा म्हणून, म्हणजे तांबड्या कालवडीच्या विधीचं जादा वाचन असलेला खास शनिवार म्हणून, येतो. मग हफ्तारा यहेज्केल ३६ ची असते आणि कर्मेल त्या वर्षी राहून जातो. घरी दोन्ही वाचायला कुणी अडवत नाही.

पायरी ५ : गुरुवार, तिसरं वर्तुळ

पाराशेतली घटना बायबलमध्ये आणखी कुठे सांगितली आहे ते शोधायचं. मराठी बायबलच्या काही आवृत्त्यांत समासात किंवा तळाशी संदर्भ दिलेले असतात, तेवढे पुरतात. वासराची गोष्ट अनुवाद ९ मध्ये मोशे स्वतः पुन्हा सांगतो आणि ती तशीच राहत नाही. तिथे अहरोनावर देव कोपला होता आणि मोशेने त्याच्यासाठीही प्रार्थना केली असं येतं. निर्गममध्ये याचा पत्ता नाही. भुगा ओढ्यात टाकला जातो, पाजण्याचा उल्लेख गायब. १ राजे १२ मध्ये यराबाम राजा सोन्याची दोन वासरं करतो आणि जवळपास अहरोनाच्या वेळचंच वाक्य उच्चारतो. स्तोत्र १०६ मध्ये सगळा प्रसंग पाच वचनांत आटपतो. एवढ्यावर थांबा, दोन-तीन ठिकाणं पुष्कळ झाली.

ख्रिस्ती वाचक इथे नवा करार जोडतात. प्रेषितांची कृत्ये ७ मध्ये स्तेफन वासराचा प्रसंग सांगतो, पौल १ करिंथ १० मध्ये त्यातलं वाक्य उद्धृत करतो. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचं पुस्तक उघडून वाचतो (लूक ४), तेही या शब्बाथच्या वाचनाच्या पार्श्वभूमीवर कळतं. एक पथ्य मात्र पाळा. यहुदी परंपरेच्या हफ्तारा-चक्रात नवा करार नाही. ती तुमची जोड आहे, वहीत ती वेगळ्या पानावर असू दे. नाहीतर जुनं वाचन फक्त पुढच्या गोष्टीची पायरी होऊन बसतं आणि अहरोनाला त्याच्या जागी कुणी पाहतच नाही.

पायरी ६ : शुक्रवार, आता भाष्य उघडा

सुरुवात राशीपासून करा. फ्रान्समधल्या त्रोया गावचा हा अकराव्या शतकातला पंडित (१०४० ते ११०५) फार थोडक्यात लिहितो. पण तो प्रश्न लिहीत नाही, थेट उत्तर देतो. प्रश्न आपण ओळखायचा. नेहामा लेबोविट्झ (१९०५ ते १९९७) या यरुशलेमच्या शिक्षिकेने १९४२ पासून जवळजवळ तीस वर्षं दर आठवड्याला पाराशेवरच्या प्रश्नांचे कागद काढले. लोक टपालाने उत्तरं पाठवत आणि त्या ती तपासून परत करत. त्यांचा ठरलेला सवाल असे: राशीला इथे काय खटकलं?

पाणी पाजण्याच्या फुलीवर करून बघा. राशी म्हणतो, मोशेला त्यांची सोटासारखी परीक्षा घ्यायची होती. सोटा म्हणजे जिच्या पातिव्रत्याबद्दल शंका आहे अशी बायको. गणना ५ मध्ये तिला मंतरलेलं कडू पाणी पाजण्याचा विधी आहे. म्हणजे राशीलाही तुमच्यासारखंच ‘पाजलं का?’ हे खटकलं होतं. त्याचं उत्तर पटो न पटो, पण फुली बरोबर जागी पडली होती. दर आठवड्याला राशीच्या दोन-तीन टिपाच वाचा. तेराव्या शतकातला भाष्यकार रांबान त्याच्याशी भांडतो, तो पुढच्या वर्षी.

पायरी ७ : शनिवार

ज्याच्याशी वाद घालता येईल असं कुणीतरी गाठा, फोनवर का होईना. वहीतलं बुधवारचं वाक्य त्याला वाचून दाखवा आणि त्याला ते खोडू द्या.

सिनेगॉगमध्ये जाऊन ऐकायचं असेल तर आधी संपर्क करून परवानगी घ्या आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. सुरक्षा कडक असते. पुरुषांनी डोकं झाकायचं. शब्बाथला लिहिणं आणि फोन वापरणं वर्ज्य असतं, तेव्हा वही घरीच, फोन बंद. वाचन हिब्रूत, विशिष्ट सुरावटीत होतं. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हंही नसतात, वाचणारा ती पाठ करून आलेला असतो. आपला उतारा आदल्या दिवशी मराठीत वाचलेला असेल तर नुसत्या नावांवरूनही कुठे आलो ते उमगतं: मोशे, अहरोन, सिनाय.

अडणारे आठवडे

लेवीयमधल्या तझ्रिया आणि मेझोरा पाराशांत मुख्यतः त्वचारोग, कपड्यांवरचे आणि भिंतींवरचे डाग यांचे नियम आहेत. तिथे क्रम फिरवा: हफ्तारा आधी, पाराशा नंतर. मेझोराची हफ्तारा २ राजे ७ मधली आहे. वेशीबाहेर ठेवलेले चार कोडी उपासमारीला कंटाळून शत्रूच्या छावणीत शिरतात आणि ती ओस पडलेली पाहतात. आधी खातात-पितात, लूट लपवतात, मग एकमेकांना म्हणतात की आपण करतोय ते ठीक नाही, शहराला कळवलं पाहिजे. ही माणसं डोळ्यांसमोर असली की ‘छावणीबाहेर राहावे’ हा नियम वाचताना तो कुणाला लागू होत होता ते दिसतं.

एखादा आठवडा, एखादा महिना बुडाला तर मागचं भरून काढत बसू नका. सरळ चालू आठवड्याची पाराशा उघडा. बुडालेली पुढच्या वर्षी त्याच सुमाराला परत येते.